धनुष्य प्रवीणला, बाण शुभांगीला

मी, पुंजाराम भीमा साळवे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, राहणार मौजे लोणवाडी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणतीही नशा न करता आणि मध्येच कोणी माईक बंद करणार नाही याची खात्री करून लिहून ठेवत आहे. माझे हृदय अशक्त झाल्याचे डॉक्टर सांगतात. डोके शाबूत असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. माझा शेजारी आणि या कागदाचा एक साक्षीदार रंभाजी लगड याला माझ्या डोक्याविषयी शंका आहे. परंतु ती त्याला पन्नास वर्षांपासून आहे, त्यामुळे तिचा माझ्या वयाशी संबंध जोडू नये.

माझी पत्नी कलाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. मुलगा प्रवीण विमा कंपनीत अधिकारी असून अहिल्यानगर शहरात सावेडीला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी शुभांगी श्रीगोंद्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. दोघेही कष्टाळू, शिकलेली, आणि बापाचे भाषण लांबले की घड्याळ पाहणारी आहेत. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. हा कागद त्यासाठी आहे. मिळकत त्या मानाने किरकोळ.

१. जमीन. मौजे लोणवाडी येथील गट नं. २१२, क्षेत्र एक एकर. डांबरी रस्त्यापासून कुकडीच्या कालव्यापर्यंत गेलेली ही एक लांबलचक पट्टी आहे. ती माझ्या स्वकमाईची असून वडिलोपार्जित नाही. मी ती घेतली तेव्हा रंभाजी बांधावर उभा राहून म्हणाला होता, "आरं पुंजा, ही जमीन हाय का धोतर? नुसतं लांबच लांब!" मी मुद्दाम लांब घेतली होती. त्याचे कारण भूतान. कागदात भूतान आले म्हणून वाचणाऱ्याने उसासा टाकू नये. माझ्या भाषणांना येणाऱ्या मंडळींना त्याची सवय आहे. "संविधानावर बोलाया उठला की ह्यो अर्ध्या तासात भूतानला पोचतो," असे रंभाजी म्हणतो. हा आरोप खोटा आहे. वीस मिनिटांत पोचतो.

२. तरुणपणी सात वर्षे मी भूतानमध्ये रस्त्याच्या कामावर डोझर चालवला. आमच्या छावणीचा भांडारपाल कर्मा नावाचा भूतानी माणूस होता. त्याने मला तिथली धनुर्विद्या शिकवली. मैदानाच्या दोन टोकांना दोन अरुंद लाकडी फळ्या रोवायच्या. मधले अंतर एकशे पंचेचाळीस मीटर. या टोकावरून त्या फळीवर बाण मारायचा, मग तिकडून इकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, नेम धरणाऱ्याला विरुद्ध बाजूचे लोक फळीजवळ उभे राहून चिडवतात. गाणी रचून चिडवतात. त्याचा हात, त्याची बायको, त्याचे नाक, काही सोडत नाहीत. इतके होऊनही बाण लागला, तर त्याची माणसे एक पाय उचलून गोल फिरून नाचतात. मी पहिल्यांदा बाण मारला तेव्हा कर्मा तिकडून ओरडला होता, "साळवे, डोंगर खोदायला तुझा डोझर आहे, बाण कशाला वाया घालवतोस?"

१९८४ साली हा एवढासा देश पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला. लोकसंख्या आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. सगळे खेळाडू तिरंदाज, तीन पुरुष, तीन बाया. पदक नाही. पुढे कित्येक वर्षे ते फक्त तिरंदाजच पाठवत राहिले. लंडनच्या वेळी नेमबाज आली, टोकियोला जलतरणपटू आणि ज्युदोवाला आला, आणि आजपर्यंत ऑलिम्पिकचे पदक शून्य. आशियाई स्पर्धांतही पाटी कोरी. दक्षिण आशियाई स्पर्धांत पदके मिळाली आहेत, पण ती सांगितली की रंभाजी म्हणतो, "ते घरचं जेवन झालं, पंगत न्हवं." त्याच्या मते भूतान म्हणजे मिरवणुकीचा बैल: "पोळ्याला झूल घालून पुढं. औताला जुपलेला कवा कुनी पाह्यला न्हाई!"

हे लेखी उत्तर. माझ्या वडिलांना गावच्या जत्रेत कुस्ती आखाड्याच्या बाहेरून, लांबून पाहावी लागे. अंगात ताकद होती, ओळीत जागा नव्हती. त्या माणसाचा मी मुलगा आहे. म्हणून उद्घाटनाचे संचलन सुरू झाले की मला पदकतक्ता दिसत नाही, ओळ दिसते. दीडशे कोटींच्या देशाचा झेंडा आणि सात-आठ लाखांच्या देशाचा झेंडा एकाच मापाचा, एकाच वाटेने. हरायचे माहीत असून चार वर्षांनी पुन्हा झेंडा घेऊन येणाऱ्याला मी पराभूत म्हणत नाही. पॅरिसला भूतानची एक बाई मॅरेथॉन धावली. पहिली आली तिच्यानंतर दीड तासाने, सर्वांत शेवटी पोचली, पण पोचली. आणि लोक तिच्यासाठी थांबून टाळ्या वाजवत होते. मी इथे टीव्हीपुढे उभा राहून वाजवल्या. माझा देश भारतच आहे आणि आपल्या प्रत्येक पदकाला माझे डोळे भरतात. परंतु भारतासाठी टाळ्या वाजवायला पुष्कळ लोक आहेत. भूतानसाठी लोणवाडीत मी एकटा आहे, आणि टीव्हीवाले नेमके त्याच वेळी जाहिरात लावतात. त्यांना मी माफ केलेले नाही. माझ्या पश्चातही करू नये.

पण त्या पहिल्या वर्षी कर्माने जे सांगितले, ते वारसांनी नीट वाचावे. निकाल कळला तेव्हा तो भांडारात तांदळाच्या पोत्यावर बसला होता. मी म्हणालो, वाईट झाले. तो म्हणाला, "नेम चुकणारच. तिथे सगळे गप्प उभे राहतात. आमच्या माणसाला कोणी चिडवलेच नाही. मग त्याला कसे कळणार, की समोर कोणी आहे?"

मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. याहून शहाणे वाक्य मला क्वचितच सापडले.

३. भांडण. कलाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, प्रवीणने वाटणीचा विषय काढला. पट्टी आडवी तोडायची, रस्त्याकडचा अर्धा भाग त्याला, कालव्याकडचा शुभांगीला. "रस्ता मला, पाणी तिला," असे तो म्हणाला. शुभांगी म्हणाली, "आणि मी माझ्या शेतात जायचं कुठून? कालव्यातनं पोहत?" प्रश्न रास्त होता. प्रवीणने त्यावर काहीही बोलायला हवे होते. ओरडला असता तरी चालले असते. भांडण झाले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटले असते. तो गप्प उठला, चपला घातल्या आणि गाडी सुरू करून गेला.

तेव्हापासून दोघे माझ्यामार्फत बोलतात. एकाच ताटलीतली भजी खाताना शुभांगी म्हणते, "आप्पा, त्यांना सांगा, चटणी इकडे सरकवा." ज्या भावाला ती जन्मापासून 'पव्या' म्हणत आली, तो आता 'त्यांना' झाला आहे. आणि प्रवीण म्हणतो, "आप्पा, मॅडमना विचारा, चहा घेणार का." मी आयुष्यभर हजारोंच्या सभा गाजवल्या, आणि उतारवयात चटणी-चहाचा निरोप्या झालो. कलाबाई असती तर तिने दोघांच्या पाठीत एकेक रट्टा घातला असता. मला ती विद्या आली नाही.

४. यंदाच्या विजयादशमीला, विहारातला कार्यक्रम आटोपून, दोघेही घरी आली. मी कपाटावरून धनुष्य काढले. लहानपणी या पट्टीच्या दोन टोकांना फळ्या रोवून दोघांना मीच शिकवले होते, नाचासकट. शुभांगीला रस्त्याच्या टोकाला उभे केले आणि प्रवीणला सांगितले, तिकडे कालव्याच्या फळीपाशी जा, बाण कुठे पडतो ते बघ. तो गेला आणि मोबाईल काढून उभा राहिला. तिने बाण सोडला. अर्ध्यात पडला. दुसराही तसाच. सगळीकडे शांतता होती. मला छावणीतले ते तांदळाचे पोते आठवले.

तिसरा बाण वाकडा जाऊन रंभाजीच्या उसात शिरला. रंभाजी बांधावरून ओरडला, "आरं पुंजा, माज्या उसाला बान लागला! आता कारखान्यात उतारा कमी भरंल, त्याचं काय?"

आणि तिकडून, कालव्याच्या टोकावरून, आवाज आला. सावेडीची भाषा पार गळून पडलेली. "ए शुभे! फळी हिकडं हाय! ऊस तोडायला टोळी येनार हाय, तू कशाला तरास घेती?"

शुभांगीने पुढचा बाण धनुष्याला लावला. मग ओरडली, "पव्या, तू हालू नको! आता तुज्यावरच धरती नेम!"

चौथा बाण फळीच्या पायाशी मातीत रुतला. तो लागला नाही. हा कायद्याचा कागद आहे, मी खोटे लिहिणार नाही. पण प्रवीणने एक पाय उचलला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. नाचायला उचलला, मग आपण बोलत नाही हे त्याला आठवले, आणि त्याने तो हळूच खाली ठेवला. जाताना पुन्हा, "आप्पा, त्यांना सांगा, मी निघालो."

माझी पुढील सर्व व्यवस्था त्या अर्ध्या उचललेल्या पायासाठी आहे.

५. सबब, गट नं. २१२ ची पट्टी प्रवीण आणि शुभांगी या दोघांना समान हिश्श्याने, एकत्र, देत आहे. तिची आडवी वाटणी करू नये. मध्ये कुंपण, भिंत, शेड, बंगला काहीही घालू नये. दोन्ही टोकांच्या फळ्या जिथे आहेत तिथेच राहतील. ज्वारी, हरभरा, कांदा जरूर घ्यावा. उसाला सक्त मनाई. बाण सापडत नाहीत, आणि तालुक्यात ऊस कमी पडल्याचे अजून कानावर आलेले नाही.

६. कर्माने निरोप देताना दिलेले बांबूचे धनुष्य प्रवीणला देत आहे. त्याचे सर्व बाण शुभांगीला देत आहे. धनुष्य सावेडीत राहील, बाण श्रीगोंद्यात. नुसते धनुष्य भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवता येते आणि नुसत्या बाणांनी फार तर पडद्याची दोरी अडकवता येते. याहून अधिक काही करायचे असेल, तर दोघांनी एकमेकांना फोन करावा. दोघांकडेही नंबर आहे, मी तपासले आहे.

७. राहते घर शुभांगीला, कारण मागील वर्षभर माझ्या गोळ्यांच्या वेळा तिने पाळल्या. बँकेतील शिल्लक प्रवीणला, कारण त्या गोळ्या त्याने आणल्या. कोणाला जास्त मिळाले याचा हिशोब दोघांनी एकमेकांसमोर बसून, मोठ्या आवाजात करावा.

८. माझी पुस्तके गावच्या विहाराला. त्यांतली काही रंभाजीकडे आहेत. तो म्हणतो वाचतोय. माझा माईक आणि कर्णा हेही विहाराला द्यावेत. गेल्या जयंतीला माझे भाषण ऐन भूतानात असताना ज्या कार्यकर्त्याने वायर उपटली, त्याला मी ओळखतो. त्याने तो कर्णा दरवर्षी स्वच्छ पुसावा.

९. रंभाजी लगड याला मी काहीही देत नाही. वकिलांचे म्हणणे असे की साक्षीदाराला काही दिले तर उद्या वाद निघू शकतो. हे ऐकल्यावर त्याला मुद्दाम साक्षीदार केले. घोडेगावच्या बाजारातून म्हातारी म्हैस तरणी समजून घरी आणणाऱ्या या माणसाने मला पन्नास वर्षे एक दिवसही गप्प नेम धरू दिला नाही. त्याचे मोल कागदावर मांडता येत नाही, म्हणून मांडलेले नाही.

१०. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक प्रवीण आणि शुभांगी दोघे मिळून राहतील. एकाच्या सहीने काहीही होणार नाही. मधे निरोप सांगायला मी नसेन.

११. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. वंदना म्हणावी. त्यानंतर कोणीतरी पुढे होऊन दोन मिनिटे शांतता पाळण्याची सूचना करील. ती पाळू नये. या घरात दोन वर्षे शांतता पाळून झाली आहे. त्या दोन मिनिटांत प्रवीण आणि शुभांगी यांनी माझ्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून एकमेकांना चिडवावे. सर्वांना ऐकू जाईल असे. विषय कोणताही चालेल. माझे नाकही चालेल. पहिले वाक्य प्रवीणने बोलायचे, तो मोठा आहे. त्याला काही सुचले नाही तर शुभांगीने सुरुवात करावी. तिला नक्की सुचेल. आणि कोणाचे वर्मी लागलेच, तर पाय उचलावा आणि या वेळी खाली ठेवू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे केली आहेत, ती रद्द समजू नयेत.

ठिकाण: लोणवाडी, ता. श्रीगोंदा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही) पुंजाराम भीमा साळवे

साक्षीदार:

१. (सही) लंकाबाई अमृत घोडके, निवृत्त शिक्षिका, लोणवाडी. पुंजाराम आप्पांनी माझ्यासमोर सही केली. वाचताना ते दोनदा थांबले, पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले.

२. (सही) रंभाजी गहिनीनाथ लगड, शेती, लोणवाडी. समदं ऐकलं. म्हैस तरणीच हुती. भूतानला पदक मिळंस्तवर पुंजानं मरायचं न्हाई आन् ह्यो कागुद उघडायचा न्हाई, असं माजं आन् पुंजाचं ठरलं हाय.