सोलरच्या प्लेटीचं तोंड

कवठे येमाई,
६ जानेवारी २००५

रा. रा. मच्छिंद्रआप्पा यांस,
हौसरावचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तेल चोळता की नुसतं पुसता? माझी छाती बरी आहे, आणि बरी आहे म्हणूनच काळजी वाटते. सोजरा तुमच्याकडं येऊन आठवडा उलटला. राहू द्या, तिचं माहेर आहे, मला घाई नाही. हे पत्र तिच्यासाठी नाही, सोलरच्या प्लेटीविषयी आहे.

तुमच्या भाच्यानं, आमच्या ईश्वरनं (कोरेगावच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला आमचा अंधार बघवत नाही) लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलरचा दिवा आणला. बसवणाऱ्यानं प्लेट स्लॅबवर तिरपी, दक्षिणेकडं तोंड करून बसवली. आता आप्पा, दक्षिणेला आपण दार ठेवत नाही, तिकडं पाय करून झोपत नाही, मग नव्या वस्तूचं तोंड तिकडं कसं ठेवायचं? शिवाय तिरपी वस्तू बघितली की ती पडणार असंच मला वाटतं. तो बसवणारा निघून गेल्यावर मी नट काढले आणि प्लेट उगवतीकडं केली. सकाळी झकास, दुपारनंतर ऊन तिच्या पाठीला. दिवा जेवण होईस्तोवर टिकेना. मग सरळ आडवी टाकली (पारव्यांनी तिची काय दशा केली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही). शेवटी बाजेवर ठेवून सूर्यामागं फिरवायची ठरवली. बाजेवर सोजरानं हरभऱ्याची भाजी वाळत घातली होती. ती मी खाली ओतली, वाऱ्यानं उडाली (उरलेली शेजारच्या म्हशीनं खाल्ली), आणि वर बाजेचं एक टोक धरायला तिलाच उन्हात उभं केलं.

तिनं आधीच सांगितलं होतं, "व्हती तशी ऱ्हाऊ द्या. पौषात सूर्य तिकडनंच चालतो." मी विचारलं, तू काय इंजिनेर हाय का? त्या दिवशी पिशवी भरताना ती एवढंच बोलली, "तुमचं ऊन तुमीच धरा. मी वरवंडला निघाले."

घर रिकामं झाल्यावर तुमचं घर आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात मी आलो होतो. तुमच्या मागच्या पडवीचा पत्रा दक्षिणेला उतरता. सोजरा त्यावर भाजी पसरायची, आणि एकदा पसरली की दिवस मावळेपर्यंत हलवायची नाही. तिच्या हातांना हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबेचा आंबट वास यायचा. मी खाली शिडी धरून उभा. तुमच्या वडिलांनी एकदा विचारलंही, की जावईबापू, शिडी काय पळून जाते का? दिवसभर त्या पत्र्यावरचं ऊन हललं नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आप्पा, पण तेव्हा माझं लक्ष सूर्याकडं कुठं होतं?

काल प्लेट पुन्हा तिरपी केली, दक्षिणेकडं. दिवा आता झोपेपर्यंत जळतो. उजेड जरा जास्तच झाला आहे. रिकामं घर पार कोपऱ्यापर्यंत दिसतं.

तुमचा,
हौसराव

ता. क. तुमच्या चौफुल्यावरून इकडं शिरूरला सकाळची एसटी असते. संक्रांत जवळ आली आहे. पाठवाल तर बरं होईल.

आणखी ता. क. दिवा नीट चालतो, हे मात्र तिला सांगू नका. बिघडलाय म्हणा. चालतो म्हटलं तर म्हणेल, मग माझं काय काम? बिघडलाय म्हटलं, तर मला बोल लावायला तरी येईल.