शेजारच्या खुर्चीला सांगितलेले

प्रिय धाकटे,

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. भावना नंतर, उरल्या तर. अपस्माराच्या रुग्णाशी धोक्याविषयी कसे बोलावे, हे तू नवशिक्या डॉक्टरांना शिकवतेस. त्या वर्गात खरी रुग्ण हवी होती, म्हणून तू मला बोलावलेस. मी आले. समोरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीने खुर्ची माझ्याकडे वळवली, किती ऐकायची तयारी आहे ते विचारले, आणि शांतपणे सांगितले की, या आजारात क्वचित, वर्षाला हजारात एखाद्याचा, झोपेतच मृत्यू होऊ शकतो, आणि मोठे झटके आटोक्यात नसले तर धोका वाढतो. गोळ्या चुकवल्या नाहीत आणि रात्री जवळ कुणी असले तर धोका कमी होतो. मी तुझ्याकडे पाहिले. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

त्या मुलीचे मराठी गचाळ होते, वाक्यागणिक ‘म्हणजे’. पण माझा आजार कुणीतरी प्रथमच मला सांगत होते. तुझ्या दवाखान्यात प्रश्न मला आणि उत्तर शेजारच्या खुर्चीला, अशी रीत. मी तपासणीच्या टेबलावरून उतरून चपला शोधेपर्यंत तुमचे दोघांचे बोलणे उरकलेले असे. ‘ताई घाबरेल’ असे तू म्हणाली असशील. मी कायदा शिकवते. माझ्या तासाला भलेभले चाचरतात, आणि घाबरणार मी?

त्या खुर्चीत तुझे भावोजी बसत. त्यांनी न्हाणीघराची कडी काढून टाकली. मला पोहायला एकटी सोडेनात. परगावी माझे व्याख्यान असले की सोबत येऊन मागच्या बाकावर पेंगत. रात्री जाग आली की त्यांचा हात माझ्या पाठीवर, श्वास चाचपत असलेला. मी त्यांना जेलर म्हणायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. ‘जेलरलाही पाळी संपली की झोप मिळते गं,’ असे ते एकदा म्हणाले. सगळे हसले, मीही. अखेर संशयी माणसाबरोबर राहणे मला अशक्य आहे, असे सांगून मी वेगळे घर केले. त्यांनी एका शब्दानेही बचाव केला नाही आणि मी त्यालाच कबुली मानले. एकतर्फी निकाल देणाऱ्यांची मी आयुष्यभर वर्गात खिल्ली उडवली आहे.

वेगळी झाल्यावर, सकाळी डोके हलके राहावे म्हणून, रात्रीची गोळी मी मनानेच अर्धी केली. तुझ्या वर्गाच्या थोडे आधी पहाटे जमिनीवर जाग आली, जीभ चावलेली, उशी रक्ताने माखलेली. हे कुणालाच सांगितले नव्हते. आता पूर्ण गोळी घेते आहे, आणि यापुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे.

पण हे पत्र तुझ्यावरच्या रागापोटी नाही. मला तुझ्या भावोजींकडे परत जायचे आहे, त्यांनी घेतले तर. मात्र इतकी वर्षे कशाच्या भीतीने त्यांनी झोप मोडली, हे नेमके ठाऊक नसताना मागितलेली क्षमा नुसता शिष्टाचार ठरेल. त्यांना विचारले तर ते सौम्य करून सांगतील. म्हणून तू त्यांना काय सांगितलेस, आणि मला न सांगण्याचे वचन कुणी कुणाकडून घेतले, ते शब्दशः कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी तुला माफ करून टाकीन. उत्तर लेखी हवे.

तुझीच,
ताई