कागदावर जिंकते, थांब्यावर हरते

४ फेब्रुवारी २०१४, पिपलानी
नोकरी सोडणार नाही! कामाला जाताना मंडीदीपच्या बसमध्ये छाती धडधडली, श्वास अडकला, मधेच मिसरोदला उतरले — तर काय झालं? हृदय ठणठणीत आहे, दोन डॉक्टरांनी सांगितलं. महिनाभर रजेवर आहे, एवढंच. आणि नवरोबा हेमंत माझा राजीनामा टाईप करून घेऊन आला! "विजू, फक्त सही कर." अकरा वर्षं लॅबमध्ये काढली मी. फाडला.

११ फेब्रुवारी
मानसोपचारवाले डॉ. सक्सेना. म्हणाले, "विचार को पकड़िए, लिखिए, फिर सबूत माँगिए." लिहिलं — 'बसमध्ये मी मरणार.' पुरावा? धडधड. विरुद्ध पुरावा? सतरा वेळा धडधडलं, एकदाही मेले नाही! लिहितानाच हसू फुटलं.

२० फेब्रुवारी
वही भरत आली. आज बसथांब्यापर्यंत गेले. बस आली. गेली. मी परत. कागदावर जिंकते, थांब्यावर हरते.

२७ फेब्रुवारी
दुसऱ्या मानसोपचारवाल्यांकडे गेले. वसुधाताई, मूळच्या नागपूरच्या. "विचारांशी वाद घालत बसू नका हो. धडधड घेऊनच चढा. आज एक थांबा, उद्या दोन. घाबरून मधेच उतरायचं नाही, बस्स."
मी म्हटलं, भीती गेलीच नाही तर?
"तर भीतीसकट पोचाल. पण पोचाल!"

३ मार्च
तिसरा थांबा. घाम, हात बधिर. उतरले नाही.

९ मार्च
हेमंत चिडला. "दोन-दोन डॉक्टर! एकाचं तरी धड ऐक." का म्हणून एकाचंच? सक्सेनांच्या वहीने भीतीचा खोटेपणा दाखवला, पण पाय हलवले वसुधाताईंनी. वहीशिवाय चढायची हिंमत झाली नसती. नुसत्या वहीवर जन्मभर थांब्यावर उभी राहिले असते. डोकं माझं, पाय माझे — मीच ठरवणार!

२० मार्च
मंडीदीप! थेट. धडधड लॅबपर्यंत होती, चहाच्या सुट्टीपर्यंत होती. मग कधी थांबली, कळलंही नाही.

२१ मार्च
हेमंतच्या ऑफिसातून फोन. "साहब की तबीयत अब कैसी है? तीन हफ़्ते हो गए." तीन आठवडे! रोज डबा घेऊन निघतो तो!
संध्याकाळी विचारलं. त्याने डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "ऑफिसच्या गेटपाशी गेलो की पाय उचलत नाहीत गं."
आणि हळूच — "मला आधी कुणाकडे नेशील?"