शहबाजच्या चार सोयरिकी

६ फेब्रुवारी २००५, रविवार
आजपासून डायरी. घरात हिंदी चालते, पण मी शिकलो मराठी शाळेत. म्हणजे अब्बांना हे वाचता येणार नाही. उत्तम.

मुद्दा शहबाजचा. धाकटी बहीण मदीहा जटपुरा गेटजवळ सायबर कॅफे चालवते. तिथल्या कॉम्प्युटरवर घोड्यांच्या शर्यतीचा गेम आहे आणि त्यात शहबाज हा माझा घोडा. अकरा शर्यती जिंकून काल रिटायर झाला. (निवडला मदीहानं होता. पण नाव मी ठेवलं.) आता त्याच्यासाठी चांगल्या घोड्या शोधायच्या आणि शिंगरं पळवायची. चारच सोयरिकी जमवता येतात, मग तो म्हातारा.

खरी गोष्ट त्याहून मोठी. आम्ही तीन पिढ्या वरातीला घोडी पुरवतो. आमची शबनम आता थकली. एप्रिलच्या लग्नांआधी नवी घोडी आणायची आहे. बाजारात निवडायला मी जाणार की मदीहा, हे अब्बा अजून ठरवतायत. ठरवायचं काय त्यात? मोठा मुलगा मी आहे. शहबाजची औलाद धावताना दाखवतो त्यांना, मग बोलू.

८ फेब्रुवारी, दुपार
यादीत साठ घोड्या. एका मिनिटात निवडली. पांढरीशुभ्र, स्वभाव 'अत्यंत शांत'. वेगाचा आकडा जरा कमी आहे, पण वेग काय, शिकवता येतो. मदीहा म्हणाली, भाई, तू रेससाठी घोडी पाहून राह्यला का घरात सून आणून राह्यला? तिला एका काळ्या घोडीचा पुळका. स्वभाव 'तापट, चावरी'. अशी जनावरं मी दारात उभी करत नाही.

१४ फेब्रुवारी
पहिलं शिंगरू धावलं. म्हणजे तसं धावलं नाही. गेट उघडलं, बाकी नऊ सुटले, आमचं उभंच. कोणी लगाम धरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही खानदानी शिस्त. गेमवाल्यांना त्याची कदर नाही.
दहावा नंबर. रात्री जेवताना अब्बांनी विचारलं, किती घोडे होते? मी म्हटलं, बरेच.

१६ फेब्रुवारी
दुसरी सोयरीक. पुन्हा पांढरी, आधीच्या घोडीपेक्षाही शांत. निश्चय: मदीहाकडे बघायचं नाही, ती हसते.

२२ फेब्रुवारी
नववा! प्रगती आहे.
(एक घोडा पडला. पण ते काही माझ्या हातात नव्हतं.)

२ मार्च
तिसरं शिंगरू. शेवटून पहिलं. अर्ध्या मैदानात थांबून प्रेक्षकांकडे बघत बसलं. मग लाइट गेली. वीज आमच्या चंद्रपुरात तयार होते आणि भारनियमनही आमच्याच वाट्याला. लाइट असती तर सुधारलं असतं.
खरं सांगायचं तर आज फार चीड आली. तीन आठवडे कपाळ फोडतोय. मॉनिटरला एक चापट मारली. मदीहानं दंड धरून बाहेर काढलं, गिऱ्हाइकांदेखत. मी बाहेरूनच ओरडलो, चौथी सोयरीक तूच कर, दे त्या चावरीला!

९ मार्च
चौथं शिंगरू सात घोड्यांच्या अंतरानं जिंकलं. सात!
शेवटी रक्त शहबाजचं. आणि परवानगी मी दिली होती. मला आतून कधीपासून वाटतच होतं की घोडीत आग पाहिजे. पांढरा रंग, शांत स्वभाव, ही जुन्या लोकांची खुळं.
अब्बांना हाताला धरून कॅफेत नेलं, शर्यत पुन्हा दाखवली. तीनदा बघितली त्यांनी. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, बाजारात तूच जा. हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो.
मदीहा मागून म्हणाली, भाई, ते गेमसाठी होतं. वरातीले शबनमसारखीच पाह्य. जळते ती माझ्यावर.

२० मार्च, घोडेबाजार
दलालानं आठ पांढऱ्या, गरीब घोड्या दाखवल्या. माझ्याकडे बघून त्याला वाटलं, याला काय समजतं. मी सरळ कोपऱ्यातल्या काळीकडे गेलो. कान मागे, डोळे लाल. तिनं मालकाची बाही फाडली. तिथेच सौदा पक्का केला. मालकानं लगाम फुकट दिला आणि अंधार पडायच्या आत निघा म्हणाला. सज्जन माणूस.
मदीहानं घोडी बघितली आणि काहीच बोलली नाही. मान्य केलं असावं.

२ एप्रिल
घोडीला बँडची सवय करायची आहे. उद्यापासून.

९ एप्रिल
उद्यापासून नक्की. आज तिनं पत्र्याचं दार तोडलं. ताकद आहे.

१७ एप्रिल, रात्री
सावली गावातलं लग्न. तलावातल्या मासेमारीचा ठेका घेणाऱ्या बापूजींचा मुलगा स्वप्निल नवरदेव. नवरीच्या मांडवासमोर वरात आली तेव्हा संदलच्या ढोलवाल्यांनी जोर धरला. ढोलाचा पहिला मोठा ठोका पडला आणि माझ्या हातात फक्त लगामाचा तुकडा उरला. तो फुकटचा लगाम.
घोडी मांडवासमोरून निघून गेली, आत न वळता. स्वप्निल तिच्या मानेला मिठी मारून, बाशिंग पाठीवर. मागे चार मोटरसायकली. बापूजी माझ्यापाशी आले, अगदी हळू आवाजात म्हणाले, जाहिदभाऊ, पोरगा कुठी गेला, तेवढं सांगा.
तलावात होता. कमरेइतक्या पाण्यात. लागलं कुठेच नाही. मोटरसायकलवरून परत आणला, कपडे बदलले, लग्न लागलं. नवरी आचल हसू दाबत होती, ते मी पाहिलं.

घरी येऊन अब्बा मदीहाला म्हणाले, पुढची तू पाह्य.
मी अंगणात जाऊन शबनमपाशी बसलो. हिला अब्बांनी निवडलं होतं. अठरा वर्षं, एक नवरदेव पडला नाही.

नोंद म्हणून लिहून ठेवतो: मांडव ते तलाव, चारही मोटरसायकली मागे. मी निवडलेली घोडी आज पहिल्यांदा पहिली आली.