माझी काळी पर्स आणि तीन राज्यांचे कायदे

धाकटे लव्हीना,

तुझं पत्र पोचलं. चार पानं, आणि वरती ठळक अक्षरांत 'ऑर्फा, हे फक्त तूच वाच.' अगं बये, जन्मल्यापासून मला ओळखतेस, यंदा अठ्ठ्याहत्तरी गाठलीस, आणि आपल्या थोरल्या बहिणीला अक्षर येत नाही एवढंच नेमकं विसरलीस? आमच्या दरीतल्या पोस्टात इमोजीन बसते, तीच माझी पत्रं वाचते आणि तीच लिहिते, हे पत्रही तीच लिहिते आहे. तुझं पत्र तिनं खिडकीपाशी उभं राहून वाचलं, तेव्हा तिकिटं घ्यायला चौघं आले होते. तुझी नवी कवळी जेवताना टकटक वाजते ही गुप्त बातमी आता सगळ्या दरीला ठाऊक झाली आहे. सगळ्यांनी तुला लवकर बरं वाटो म्हणून सांगितलंय.

गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात का? इथे सगळं ठीक. माझा उजवा कान अजून ऐकतो आणि डावा अजून फक्त शोभेचा. डेंटनचं पोट वाढलंय, पण त्याच्या बायकोचा, रोडाचा, स्वभाव वाढत नाही एवढं बरं. (इमोजीन म्हणते मुलाच्या पोटाबद्दल पत्रात लिहू नये. मी म्हटलं, बये, मावणार असेल तर लिही.)

आता माझ्या लेकीच्या मुलाच्या, कोल्बीच्या, मिशिगनमधल्या लग्नाचं सांगते. डेंटन घरीच राहिला, तुझ्याकडून रोडा आणि मी पुढे गेलो आणि तू गुडघा धरून मागे राहिलीस, म्हणून सगळं तपशिलानं सांगते. तुला ठाऊकच आहे, निघायच्या आधी डेंटननं मला स्वयंपाकघरात बसवून निकाल सुनावला होता. "आई, तू ब्याऐंशीची. पर्समध्ये बाबांचं पिस्तूल घेऊन तीन राज्यं फिरणार. परवाना आहे, मान्य. पण दर राज्याचा कायदा वेगळा. एक जरी चूक झाली तर पिस्तूल माझ्या कपाटात आणि तू तुझ्या खुर्चीत. पुढच्या वर्षापासून लव्ही मावशीकडेसुद्धा जाणं बंद." आता तूच सांग, तू दरी चढून येऊ शकत नाहीस, मी वर्षातून एकदा ओहायोला येते तेवढीच आपली भेट. म्हणजे त्या पर्सच्या चेनीला आपली दोघींची भेट टांगलेली होती. पिस्तूल घरी ठेव असंही तो म्हणाला. मी म्हटलं, तुझा बाप गेल्यापासून मी अर्विलला सोडून हद्द ओलांडलेली नाही, आणि अर्विलचं आता जेवढं उरलंय तेवढं त्या पर्समध्ये मावतं. रोडानं नाक पुसलं. (तिला सर्दी होती, पण मी ते रडणं धरलं.)

मग डेंटननं कायदे वाचून दाखवले. आपल्या वेस्ट व्हर्जिनियात पोलिसानं विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही. ओहायोत विचारलं तर खरं सांगायचं. मिशिगनमध्ये मात्र पोलिसानं थांबवलं की त्यानं तोंड उघडायच्या आत आपणच सांगायचं. अक्षर येणाऱ्या बायका हे कागदावर लिहून पर्सला टाचतील. परवान्याच्या वर्गात मास्तरांनी माझा नेम पाहिला, नियम तोंडी विचारले आणि पास केलं, कारण नेमाला अक्षर लागत नाही. पण कुठे सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं हे डोक्यात ठेवायचं म्हणजे, लव्हे, चार मांजरं एका टोपलीत ठेवण्यासारखं. म्हणून मी सोपा मार्ग काढला. अंगावर गणवेश दिसला की सांगून टाकायचं. जास्त सांगितलं म्हणून आजवर कुणी तुरुंगात गेलेलं नाही.

तुझ्याकडचं रविवारचं जेवण तुला सांगायला नको, तू तिथंच होतीस. तुमचे पाद्री तीनदा वाढून घेत होते आणि तू प्रत्येक वेळी "अजून घ्या ना" म्हणत ताट लांब सरकवत होतीस, तेही मी पाहिलं. तिथून निघालो आणि कोलंबसच्या पुढे कॉफीला थांबलो. निळा गणवेश घातलेली मुलगी आली. मी दोन्ही हात टेबलावर पसरून म्हटलं, "बाळ, माझ्या पर्समध्ये पिस्तूल आहे आणि त्याचा परवानाही आहे." ती म्हणाली, "आजी, मी फक्त दूध घालू का विचारत होते." रोडा टेबलाखाली जायच्या बेतात होती. पुढच्या खाणावळीच्या दारावर पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर लाल काट. चित्र मला वाचता येतं! तशीच मागे फिरले, पर्स डिकीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि ऐटीत आत येऊन बसले. मांस मागवलं. मग लक्षात आलं, चष्मा पर्समध्ये आणि दातही पर्समध्ये. मी सूप प्याले आणि रोडानं दोन ताटं मांस खाल्लं. एवढी खुश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. पेट्रोल भरणाऱ्याला सांगितलं, खोलीची चावी देणाऱ्या बाईला सांगितलं, आणि तिथे एक सोनेरी बटणांचा माणूस उभा होता त्यालाही सांगितलं. तो लग्नात तुतारी वाजवायला आला होता. तो म्हणाला, "बाई, मी बरा वाजवतो हो, तुम्ही काळजी करू नका."

खरी मजा चर्चमध्ये. मिशिगनचा असा नियम आहे की प्रार्थनेच्या जागी पिस्तूल न्यायचं तर पाद्र्यांची परवानगी हवी. नातू कोल्बी वेदीपाशी उभा, गळ्यापर्यंत लाल झालेला. नवरी यायला दहा मिनिटं. मी पाद्र्यांना बाजूला घेतलं आणि त्यांच्या कानात हळूच विचारलं. माझा हळू आवाज कसा असतो तुला ठाऊक आहे. (आपली गाय त्या आवाजावर टेकडीवरून खाली यायची.) पाद्री भले गृहस्थ. म्हणाले, "ऑर्फाबाई, देवाची हरकत नसावी, पण माझी आहे. आज सगळ्यांनीच ते गाडीत ठेवलेलं बरं." झालं, लव्हे! मागच्या बाकावरून एक म्हातारा खाकरत उठला आणि बाहेर गेला. मग त्याचे दोन भाऊ. मग नवरीचा मामा. अकरा पुरुष उठले, मी मोजले, आणि शेवटी पहिल्या बाकावरून मोत्यांची माळ घातलेली नवरीची आजी उठली! ती आणि मी पाद्र्यांना मान लववून हातात हात घालून दारातून बाहेर पडलो, गाड्यांपाशी जाऊन आपापल्या पेट्यांना कुलपं लावली आणि परत आलो तोवर आमची जन्माची मैत्री झाली होती. नवरी वीस मिनिटं दारात थांबली, पण म्हणे एवढी प्रामाणिक वऱ्हाडी मंडळी तिनं पाहिली नव्हती. मग जेवण, केक, नाच. मी तुतारीवाल्याबरोबर दोनदा नाचले. रोडानं विचारलं तर एकदाच म्हणून सांग.

परतीला, मिशिगनची हद्द संपायला थोडंच अंतर उरलं होतं आणि मागे पोलिसाची गाडी लागली. आमचा मागचा दिवा गेला होता. सगळा प्रवास निर्मळ पार पडला होता आणि आता शेवटच्या पायरीवर घसरायची वेळ. मी दोन्ही हात समोर ठेवले आणि पोलीस खिडकीशी यायच्या आत ओरडले, "पिस्तूल आहे! परवाना आहे! पर्समध्ये आहे! हात हे इथे आहेत!" तो दोन पावलं मागे सरला. मग शांतपणे म्हणाला, "आभारी आहे, आजी. भरलेलं आहे का?" म्हटलं, "पाच." "पर्स मी घेतली तर चालेल?" म्हटलं, "बाळा, जपून, ते माझ्या नवऱ्याचं आहे." त्यानं पर्स गाडीच्या टपावर ठेवली, चेन उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग फडक्यात गुंडाळलेली एक बरणी बाहेर काढून उन्हात धरली.

"आजी," तो म्हणाला, "हे व्हिनेगरातले पीच आहेत. आणि पाच नाहीत, सहा आहेत."

लव्हीना, तू निघताना माझ्या पर्समध्ये बरणी कोंबलीस आणि मला सांगायला विसरलीस! तिचं आणि अर्विलच्या पिस्तुलाचं वजन तंतोतंत सारखं, आणि पिस्तूलही मी फडक्यातच गुंडाळते. मी दोन राज्यांत गणवेश घातलेल्या प्रत्येक माणसाला शपथेवर लोणचं जाहीर करत आले होते. देवाच्या दारातून दोन आज्यांनी जे गंभीरपणे बाहेर नेलं त्यातलं निम्मं पीचचं लोणचं होतं. पोलीस हसून हसून गाडीला टेकला. म्हणाला, एवढी कायदा पाळणारी बाई आपण नोकरीत पाहिली नाही. दिव्याबद्दल नुसती समज दिली, आणि एक पीच खाल्ला. तुझ्या लवंगा जरा जास्त झाल्यात असं त्याचंही मत पडलं.

रोडा पांढरीफटक. "आई, मग पिस्तूल कुठाय?" मी म्हटलं, "घरीच राहिलं असेल, कपाटात." घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. डेंटन हसला, पोट धरून हसला (धरायला भरपूर आहे), आणि मग डोळे पुसत म्हणाला, "आई, चूक एकही झाली नाही, कबूल. पण जिला पिस्तूल जवळ आहे की नाही हेच कळत नाही, तिनं आता खुर्चीतच बसावं. पुढच्या वर्षी ओहायो नाही." आणि मी काहीच बोलले नाही. मी काहीच बोलले नाही, हे ऐकून तुला काळजी वाटायला हवी होती.

सगळ्यांना माझे आशीर्वाद. पाद्र्यांना नमस्कार सांग आणि ताट जवळ ठेव.

तुझी थोरली,
ऑर्फा

ता. क. पिस्तूल कपाटात नाही. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात आहे, म्हणून डेंटनला ते ठाऊक नाही. आठवतं, पाद्री जेवायला आले की आई बाबांचं पिस्तूल मक्याच्या पिठाच्या डब्यात लपवायची? तुमचे पाद्री पायऱ्या चढताना दिसले आणि माझे हात आपोआप आईचे झाले. गोळ्या काढून तुझ्या बटणांच्या डब्यात ठेवल्या आहेत. (इमोजीननं इथे लेखणी खाली ठेवली होती. आता उचलली आहे.)

आणखी एक. पोलिसानं बरणी उन्हात धरली त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं. तुझ्या गावाचा फाटा आला तेव्हा रोडानं विचारलंही, "लव्ही मावशींकडे थांबायचं का?" मी म्हटलं, "नको, दुपारची झोपली असेल बिचारी." म्हणजे जाताना विसरले ती म्हातारपणानं, आणि येताना विसरले ती अकलेनं. इमोजीनकडून खात्री करून घेतली आहे. पिस्तूल तुला तिथून साध्या टपालानं पाठवता येत नाही, टपालखातं ते पाकीट घेणारच नाही. डेंटनकडे परवाना नाही, रोडाला पिस्तुलाची भीती वाटते. परवाना माझा, पर्स माझी. तेव्हा वसंतात मलाच यावं लागणार, आणि या वेळी माझ्या बाजूला नुसता हट्ट नाही, कायदा आहे. तू फक्त डेंटनला पत्र लिही. जरा घाबरल्यासारखं लिही. आणि वरती 'हे फक्त तूच वाच' असं लिही, त्याला वाचता येतं.

तोवर मला तुझ्याकडचं मक्याचं पीठ पाठव, इथलं जाडंभरडं आहे, पाव फुगत नाही. दोन शेर पुरे. पण आधी चाळून घे, आणि चाळणीत जे खणकन वाजेल ते परत डब्यात ठेव.