काचेमागची कवळी

प्रिय दंतवैद्य मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. तुमची, मुलांची आणि दवाखान्याची प्रकृती उत्तम असणारच (लोकांचे दात किडताहेत तोवर तुम्हाला मरण नाही). आमचे विचारू नका. तुमच्या ताईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. मी मात्र भर दुपारी, चालत्या पंख्याखाली, चार लोकांदेखत लुटला गेलो आहे.

झाले असे. ताईंना हाडांच्या डॉक्टरांकडे नेले, तर डॉक्टर सुट्टीवर. परतीची बस संध्याकाळी. समोर पाटी दिसली, 'दंत संग्रहालय, प्रवेश मोफत'. मी म्हटले, फुकट दात दाखवणारे रस्त्यात पुष्कळ भेटतात, त्यासाठी इमारत कशाला? पण ताईंना आतला बाक दिसला होता. वाघाचे सुळे पाहिले, पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र पाहिले (तुमची फार आठवण झाली). हिरड्या ठणकत होत्या, म्हणून तुम्ही केलेली कवळी काढून बाकावर रुमालात ठेवली आणि जरा डोळा लागला. जागा होतो तो रुमाल आहे, कवळी नाही! आणि समोरच्या कपाटात, काचेमागे, एक कवळी माझ्याकडे बघून हसते आहे. खाली चिठ्ठी: 'वापरलेली. मालक अज्ञात.' अज्ञात! ज्याच्या भाषणांनी तीन नगराध्यक्षांची झोप उडवली, तो अज्ञात!

मी गरजलो. पण मेहुणेबुवा, त, थ, द, ध, न यांना दंत्य का म्हणतात हे शाळेत नुसते घोकले होते, कळले त्या क्षणी. 'माझे दात द्या' असे ठणकावले. ऐकू गेले, 'माझे हात ह्या.' रखवालदार म्हणतो, "आजोबा, हात आहेत की दोन्ही! एकात तर काठी आहे." तुमच्या ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरचे भेदी म्हणतात ते हेच.

शेवटी माझा आवेश पाहून त्याने कपाट उघडले, कवळी धुऊन हातात दिली. ती लावली आणि अन्यायाविरुद्ध अशी सरबत्ती केली, की शेजारच्या दालनातली माणसे येऊन बसली. रखवालदारानेही टाळ्या वाजवल्या आणि मग तोच हात पुढे केला. "छान झालं. आता काढा." वर म्हणतो, "ज्यानं बनवली त्याला आणा. त्यानं आपलं काम ओळखलं, तर खुशाल न्या."

रविवारी माझे भाषण आहे. विषय 'सार्वजनिक मालमत्तेची लूट'. दातांवाचून त्यातली 'लूट' तेवढी शाबूत उरते. तेव्हा शनिवारी या आणि साक्ष द्या. हा प्रश्न कवळीचा नाही, तत्त्वाचा आहे.

आपला संतप्त,
भावोजी

ता. क. कवळी सापडली. खाली पडून फुटेल म्हणून ताईंनीच उचलून पर्समध्ये ठेवली होती. मग तिथेच का नाही सांगितले? तर म्हणे, "तुम्ही मध्ये बोलू दिलंत कुठं?"

ता. क. २. तरीही शनिवारी याच. राग मानू नका, पण तुमची कवळी 'स' आला की शीळ घालते. मी 'सज्जनहो' म्हटले की पहिली रांग मागे वळून बघते. काचेमागची मात्र तोंडात अशी बसली, की जणू जन्मतःच घेऊन आलो होतो. तुम्ही फक्त 'होय, हे माझेच काम' एवढे म्हणायचे. तुमचेही नाव होईल. ताईंना यातले काही कळवू नका. त्यांना खरे बोलायची सवय आहे.