माझी अकरा एकर कोणी खणायची

मी, अ‍ॅव्हिस मार्जोरी ट्रेम्बाथ, कै. लेनर्ड ट्रेम्बाथ यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार गाव वॉटल गली, व्हिक्टोरिया, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. माझ्या मुलाने, क्रेगने, त्याविषयी शंका काढली म्हणून ते लेखी घ्यावं लागलं. डोकं सोडून बाकीच्या अवयवांबद्दल डॉक्टर जे म्हणाले ते इथे लिहीत बसत नाही. येत्या नाताळाचं पुडिंग माझ्याकडे लागलं आहे असं कोणी समजू नये, एवढंच.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं या लेखाने रद्द समजावीत. गेल्या वाढदिवसाला क्रेगने केकबरोबर टाइप करून आणलेलं, फक्त सही राहिलेलं मृत्युपत्रही त्यातच आलं. केक बरा होता.

कलम १. घरामागची आयर्नबार्कच्या झाडांची अकरा एकर जमीन माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती कोणाला, हे शेवटच्या कलमात लिहिलं आहे. मधली पानं उलटून कोण तिकडे गेलं असेल तेही मला माहीत आहे. क्रेग, परत ये, बाळा.

या जमिनीत सोनं आहे असं सगळं गाव म्हणतं. आहे. किती, ते कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांचाच जीव जास्त टांगणीला लागलेला आहे. क्रेगचा धंदा खोदकामाची यंत्रं भाड्याने देण्याचा. झाडं आडवी करायची, माती थराथराने खरवडायची, प्रत्येक थरावर धातू हुडकणारा डिटेक्टर फिरवायचा आणि खाली खडक लागला की निघून जायचं, अशी त्याची योजना आहे. याला तो शास्त्रशुद्ध पद्धत म्हणतो. मी हे मृत्युपत्र लिहायला बसले ती एवढ्याच एका कारणासाठी, की माझ्यामागे त्या झाडांखाली ते पिवळं धूड शिरू नये. बाकीची कलमं निव्वळ रीत म्हणून.

कलम २. राहतं घर, त्यातलं सामान, गळकी टाकी आणि मागच्या दाराशी राहणारा, प्रत्येक वसंतात माणसाच्या डोक्यावर झडप घालणारा मॅगपाय पक्षी, हे सर्व माझा मुलगा क्रेग याला देत आहे. पक्ष्यावर कोणाचाही हक्क नाही असं वकील हालोरनसाहेब म्हणतात. पक्ष्याचं मत वेगळं आहे.

कलम ३. क्रेगला जमीन का नाही, हे त्याने कोर्टात विचारण्याआधी इथेच सांगते. तो एकदा माझ्याबरोबर डिटेक्टर घेऊन आला होता. सकाळपासून त्याचं यंत्र पावलापावलाला ओरडत होतं आणि तो पावलापावलाला खणत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या उतारावर डुकरांचा कळप येऊन गेल्यासारखं झालं होतं, आणि हाताला काहीच लागलं नव्हतं. मी त्याला पेस्टी खायला दिली आणि बुटांकडे बोट दाखवलं. कामावरचे बूट, आत बोटांवर पोलादाची टोपी. माझा मुलगा सकाळभर स्वतःच्या पायाची बोटं शोधत होता.

नवशिक्याचं असं होतं, त्याचं मला काही नाही. पण तो उठला, गाडीत बसला आणि निघून गेला. एकही भोक बुजवलं नाही. पुढचे दोन दिवस मी गुडघ्यांवर बसून ती बुजवत होते. क्रेग, जमीन तुला याच कारणासाठी नाही. बाकी तू माझा मुलगा आहेस, तुझ्यावर माया आहे, आणि घर तुला दिलेलंच आहे.

कलम ४. माझा डिटेक्टर, हेडफोन, कुदळ आणि प्लॅस्टिकचं खोरं माझी नात टॅमसिन हिला देत आहे. ती बॅलरॅटला नर्स आहे, आणि दुसऱ्याचं ऐकून घेणं हा गुण आमच्या घराण्यात फक्त तिच्यात उतरला आहे.

टॅमसिन, ही सगळी सुरुवात तुझ्या आजोबांनी केली. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लेनची अशी समजूत झाली की जमिनीतलं सोनं इतकी वर्षं त्याच्याच रजेची वाट बघत होतं. त्याने यंत्र आणलं, गवत कापावं तसं ते आठवडाभर फिरवलं, मग त्यावर चादर टाकून शेडमध्ये ठेवलं आणि बोलिंगच्या क्लबात जायला लागला. एक दिवस शेडमध्ये जागा हवी म्हणून मी ते बाहेर काढलं. चालू होतं का बघावं म्हणून कळ दाबली. कानात ती बारीक गुणगुण सुरू झाली आणि मी अंगणातच उभी राहिले. चुलीवरची किटली जळून गेली, मला पत्ता नाही.

पहिलं वर्षभर मला काय मिळालं म्हणशील, तर बुटांचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या, सार्डिनच्या डब्यांचे पत्रे आणि बिअरच्या बाटल्यांची बुचं. जुने लोक इथलं सोनं घेऊन गेले आणि कचरा माझ्यासाठी ठेवून गेले. तुलाही तेच मिळेल. सगळं खण. हा खिळाच असणार असं म्हणून जो पुढे जातो, तो एक दिवस सोन्यावरूनही पुढे जातो. आमच्या सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबात असे बरेच अनुभवी लोक आहेत.

मला शिकवलं ते नेव्हने. नेव्हिल पास्को, मागच्या रस्त्यावरचा, जन्मभर लोहारकाम केलेला, लेनचा मित्र. कुंपणापलीकडून तो बरेच दिवस माझी गंमत बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"अ‍ॅव्हिस, तू जमीन झाडतेयस की ऐकतेयस?"

मी त्याला म्हटलं, तुला एवढं येतं तर आत ये. तो आला. यंत्राची थाळी जमिनीला समांतर धरायची, जवळजवळ टेकवून, आणि चालायचं ते देवळात उशिरा पोचलेल्या माणसासारखं. मोठा आवाज आला की हुरळायचं नाही, तो बहुतेक कचराच असतो. गुणगुणीत केसाएवढा फरक पडला की थांबायचं. बुटाने वरची माती सरकवायची आणि पुन्हा ऐकायचं. फरक कायम राहिला तर खणायचं. मग माती मुठीमुठीने थाळीवरून न्यायची, ज्या मुठीला यंत्र बोलेल ती मूठ आपली. अशाच एका मुठीत मला पहिलं सोनं मिळालं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी खाली बसून रडले. नेव्हने दुसरीकडे बघत सँडविच खाल्लं.

आणि भोक बुजवायचं, टॅमसिन. काही मिळो न मिळो. खालची माती खाली, वरची वर, टाचेने दाबायची, वर पाला पसरायचा. भोक न बुजवणाऱ्या माणसाशी लग्न करू नकोस.

कलम ५. वर सांगितलेला सर्व कचरा मी बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवला आहे. तो आमच्या क्लबाला भेट. क्लबाच्या सभेत सोन्याचे जे मोठमोठे गोळे, म्हणजे नगेट, दर महिन्याला तोंडाने सापडतात, त्यांच्याबरोबर तो कपाटात मांडावा.

कलम ६. आता नेव्हिल पास्को. त्याला माझ्याकडचा नगेटचा अर्धा तुकडा देत आहे. तो देण्यामागे उपकाराची भावना बिलकूल नाही.

नेव्ह आणि मी जोडीने शोधायचो. जोडीचा इथला नियम असा की त्या दिवशी जे मिळेल ते निम्मं निम्मं, मग एक जण तापाने घरी पडलेला का असेना. आमचं बरीच वर्षं छान चाललं. मग लेन गेला. दफनाच्या दिवशी खांदा देणाऱ्या सहा जणांत नेव्हचं नाव होतं. पाद्री थांबले, आम्ही थांबलो, नेव्ह आला नाही. शेवटी आमची पोस्टवाली केरी मॅकलीश, टपाल वाटता वाटता लेनला निरोप द्यायला थांबली होती, ती हाफ पँटवर पुढे आली आणि तिने खांदा दिला. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्ह माझ्या दारात. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्याने पुढे केलं. नगेट होता. पुरा असता तर कोंबडीच्या अंड्याएवढा भरला असता, पण पुरा नव्हता. मधोमध करवतीने कापलेला.

"हा तुझा अर्धा," तो म्हणाला.

मी विचारलं, "लेनच्या मातीला का आला नाहीस?"

"तिथे उभं राहणं मला जमलं नसतं," तो म्हणाला. मग रुमाल आणखी पुढे करत, "निम्मं निम्मं ठरलंय ना आपलं."

म्हणजे माझ्या नवऱ्यावर आम्ही माती टाकत होतो, तेव्हा हा माणूस रानात यंत्र फिरवत होता. त्यातून असा नगेट सापडला, की जो जन्मात एकदा बघायला मिळतो. तो अख्खा ठेवायचा असतो हे पोरासोरांनाही कळतं. याने नियम म्हणजे नियम म्हणून तो करवतीखाली घातला. मी तुकडा घेतला आणि दार लावलं. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. दुकानात तो ब्रेडपाशी असला की मी साबणापाशी जाते. माझ्याकडे आता खूप साबण आहे. तोही क्रेगला.

चूक त्याची होती हे माझं मत आजही कायम आहे.

कलम ७. उपरोक्त अकरा एकर जमीन.

गेल्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी मला उपचाराला बेंडिगोला जावं लागायचं. गावची गाडी सकाळी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. यंत्र उचलणं तेव्हाच सुटलं होतं. वसंतात मी काठी टेकत सहज मागच्या रानात गेले, तर एका झाडाखाली बुजवलेलं भोक दिसलं. दुसऱ्या कोणाला ते दिसलंच नसतं. माती दाबलेली, पाला पसरलेला, आणि वर सालीचा एक तुकडा पालथा ठेवलेला, पावसाने माती खचू नये म्हणून. सालीचा तुकडा या जगात दोनच माणसं ठेवतात. त्यातली एक मी, आणि मी ठेवला नव्हता.

माझ्या जमिनीत, परवानगीशिवाय, मी इस्पितळात सुया टोचून घेत असताना. पोलिसांना कळवायला मी फोन हातात घेतलाही होता. मग म्हटलं, अजून किती आहेत ते तर बघू. पुढच्या शुक्रवारी आणखी सापडली. क्रेगनंतर बाहेरच्या भुरट्यांनी कुंपणाकडे जे खड्डे करून ठेवले होते, ज्यांच्याशी माझे गुडघे हरले होते, तेही कोणीतरी बुजवले होते. एक सशाचं बीळही बुजवलेलं होतं. सवय, दुसरं काय. ससा आता दुसरीकडून ये-जा करतो.

उन्हाळा संपताना डॉक्टर म्हणाले की आता गुरुवारी यायची गरज नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही ताणलं नाही. घरी येऊन मी विचार केला. गुरुवारी मी घरी राहिले तर नेव्ह चिमणीतला धूर बघेल आणि कुंपणावरूनच परत जाईल. त्याला तोंड दाखवायची हिंमत नाही आणि मला बोलवायची.

म्हणून मी अजूनही दर गुरुवारी बेंडिगोला जाते. गाडी मला इस्पितळाच्या दारात सोडते. ती वळली की मी रस्ता ओलांडून हानबाईंच्या बेकरीत जाऊन बसते. एक व्हॅनिला स्लाइस, एक चहा, मग आणखी एक चहा. इस्पितळात मी इतकी कधी कंटाळले नव्हते. एक दिवस हानबाईंनी विचारलं, "दर गुरुवारी तुम्ही कोणाची वाट बघता?"

मी म्हटलं, "घरी एक माणूस चोरी करतोय. त्याचं उरकू दे."

त्यांनी त्या दिवशी स्लाइसचे पैसे घेतले नाहीत.

तरी मी ही अकरा एकर जमीन, त्यावरच्या सर्व झाडांसह आणि खाली जे काही आहे नाही त्यासह, नेव्हिल पास्को याला देत आहे. अटी दोन. तिथे कधीही खोदकामाचं यंत्र येऊ द्यायचं नाही, आणि टॅमसिनला त्याने मला शिकवलं तसं शिकवायचं. ती काय मिळवते ते न बघता, काय ऐकते ते बघून. आजवरची घुसखोरी माफ केलेली नाही, तशी नोंद असावी.

मृत्युपत्र मरणानंतर उघडायचं असतं असं हालोरनसाहेबांनी मला दोनदा समजावलं. ते त्यांच्या पद्धतीने बरोबर असतील. मी मात्र याची एक प्रत उद्याच केरीच्या हातून नेव्हच्या घरी पाठवणार आहे. जमीन त्याला मी मेल्यावर मिळेल, त्याची मला घाई नाही. पण येत्या गुरुवारी मी बेंडिगोला जाणार नाही. घरीच आहे.

नेव्ह, समोरच्या फाटकाने ये. यंत्र तू फिरव, मी झाडाखाली खुर्ची टाकून बसेन. बोललंच पाहिजे असं काही नाही.

ही अक्षरं माझ्या हातची, इच्छा माझी, आणि कोणी माझ्या मानेवर बसून हे लिहून घेतलेलं नाही. ज्यांना तसं वाटेल त्यांनी माझी मान बघितलेली नाही.

सही: अ‍ॅव्हिस एम. ट्रेम्बाथ

आम्ही दोघी साक्षीदार लिहून देतो की या जमिनीत रस नसलेली दोन माणसं वॉटल गलीत शोधताना बाईंची दमछाक झाली. एकच मिळालं, दुसरं बेंडिगोहून आणावं लागलं. बाईंनी हे आम्हा दोघींसमोर वाचलं, शेवटचं कलम पुन्हा एकदा वाचलं, आणि मग सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: केरी मॅकलीश, टपाल वाटप, वॉटल गली
साक्षीदार २: डुओंग थी हान, बेकरी, बेंडिगो

ठिकाण: वॉटल गली, स्वयंपाकघराचं टेबल
तारीख: १४ मे २०१९, मंगळवार